ठकाईची बाराखडी

फार वर्षांपूर्वी, गिरणीचा पट्टा अजून कुणी पाहिला नव्हता आणि घराघराची पहाट जात्याच्या घरघरीनं उजाडत होती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या बोरदऱ्यात तेव्हा ठकाई टाकारीण राहायची. तिचं घर कुठं होतं ते विचारू नका, तिथं आता बाभळी आहेत. पण तिचं नाव घेतलं की आजही म्हाताऱ्या बाया कानाची पाळी धरतात, आणि नाव घेणारी पोर असेल तर तिच्या पाठीवर थाप मारतात.

आताच्या पोरींना जातं माहीत आहे ते लग्नात हळद दळायला पूजतात तेवढंच. म्हणून आधी सांगते. जातं रोज फिरतं, फिरून फिरून त्याचे दगड गुळगुळीत होतात. मग दाणा दळला जात नाही, नुसता चिरडतो, आणि भाकरी घशात खरखरते. अशा वेळी टाकारणीला बोलवायचं. ती वरचा दगड उचलून बाजूला ठेवते, हातात पोलादी टाकी धरते, हातोडीनं ठोके घालते आणि दगडाला नवे दात पाडते. याला म्हणतात टाकी लावणं.

ठकाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हाक द्यायची, "जात्यालाऽ टाकीऽऽ!" असं म्हणतात, त्या हाकेनं आंब्याच्या झाडावरचे राघू उडायचे आणि झोपलेल्या सुना आपोआप उठून बसायच्या. रंगानं ती काळ्या फत्तरासारखी होती. पापण्यांवर दगडाची पांढरी भुकटी. टाकीखालून ठिणग्या उडायच्या, आणि ज्या घरची चूल विझलेली असेल तिथली बाई त्या ठिणगीवर कापूस धरून विस्तव करायची. एवढंच नाही. ठकाई जात्याला कान लावायची आणि एखादी बाई ते हळू फिरवायची, आणि नुसत्या घरघरीवरून ठकाई सांगायची की या घरात कोण पोटभर जेवतं आणि कोण उपाशी झोपतं. एका सासूला ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मावशी, जात्याला टाकी मी लावते. पण सुनेचं ताट रिकामं राहतं, त्याला तुम्हीच हात लावा."

जिभेची ही अशी. गावात म्हणच पडली होती, घाव टाकीचा आणि बोल ठकाईचा, दोन्ही मिटत नाहीत.

पाटील मिशीला तूप लावून पारावर बसायचे. ठकाई जाता जाता म्हणाली, "पाटील, पोटाला लावा की थोडं. मिशीला लावून माशाच जेवतात." पाटलीणबाई उपासाच्या दिवशी पाटभर फराळ मांडून बसल्या होत्या. तिथं म्हणाली, "आधी ठरवा बाई, उपास देवासाठी हाय का साबुदाण्यासाठी." देवळात शेजारती चालली होती. ठकाई बाहेर दीपमाळेला टेकून ऐकत होती, आरती संपल्यावर बोललीच. "दगडाच्या देवाला झोप येते म्हणून पाळणा म्हणता, आणि हाडामासाच्या सुनेला डुलकी लागली की ती आळशी व्हय?"

आणि नवऱ्याचं विचाराल तर तोही सुटला नव्हता. नवरा धोंडिबा, घरजावई आलेला, दम्याचा, विडी ओढणारा, स्वभावानं गरीब. त्याच्यासमोरच ती बायांना सांगायची, "जातं घरघर करतं पण पीठ देतं. आमचे कारभारी नुसतीच घरघर करतात." धोंडिबा विडीचा धूर सोडून हसायचा. त्याला भांडण ठाऊक नव्हतं. किंवा कुणाशी भांडू नये हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

आता मुख्य गोष्ट. ठकाईला अक्षर येत होतं.

त्या काळी आमच्या गावात बाईनं अक्षराला हात लावणं म्हणजे नवऱ्याच्या आयुष्याला हात लावणं. बाई एक अक्षर शिकली की नवऱ्याचं एक वर्ष कमी होतं, असं सगळे मानत. शहाणेही मानत, खुळेही मानत. बायाच जास्त मानत, कारण विधवेचं जिणं त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

मग ठकाई शिकली कुठं? देवळाच्या पायरीवर. तिचा बाप राघू पाथरवट. देवळाला पायऱ्या केल्या तेव्हा दगड देणाऱ्यांची नावं त्यांवर कोरायची होती. कुलकर्ण्यांनी कोळशानं अक्षरं काढून दिली आणि राघूनं ती कोरली. लहानगी ठकाई शेजारी बसून दगडाचा चुरा फुंकत होती. तिनं विचारलं, "आबा, हे काय कोरलंस?"

राघू म्हणाला, "कुणाला ठावं? कोळसा जिकडं वळला तिकडं टाकी वळवायची."

"म्हंजी इतकी वर्सं तू कुणाचं बोलणं कोरतूस ते तुलाच ठावं न्हाई?"

राघूचा हातोडीचा हात तसाच वर राहिला. दुसऱ्या दिवसापासून ठकाई पायरीवर ठाण मांडून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागली, "ह्यो कोण? आणि ह्यो शेजारचा?" कुणी एक अक्षर सांगितलं, कुणी हाकलली, कुणी चेष्टेनं चुकीचं सांगितलं. चुकीचं सांगितलेलं तिला लगेच कळायचं. असं म्हणतात, खरं अक्षर सांगितलं की पायरीचा दगड तिच्या तळव्याला कोमट लागायचा आणि खोटं सांगितलं की गार. अशी ती पायऱ्या चढत चढत शिकली. शेवटच्या पायरीवर पोचली तेव्हा तिला सगळं वाचता येत होतं, आणि तिथून पुढं देवळात जायला बंदी होती.

ती परत फिरली. पण रिकामी नाही फिरली.

प्रत्येक टाकारी काम संपल्यावर जात्यात आपली खूण सोडतो, कुणी कोंबड्याचा पाय, कुणी त्रिशूळ. ठकाईनं खुणेच्या जागी अक्षर कोरायला सुरुवात केली. खालच्या दगडावर, मधल्या खिळीच्या शेजारी. एका घराला एकच. बाया जातं झाडायला वरचा दगड उचलायच्या तेव्हा काळ्या दगडात पिठानं भरलेलं पांढरं अक्षर दिसायचं, जणू दगडानं डोळा उघडला.

"ठके, हे गं काय?"

"तुझ्या घरचं अक्षर. दळताना त्याचं नाव घे, पीठ मऊ येतं."

खरंच मऊ यायचं म्हणतात. न यायला काय झालं, टाकी ठकाईची होती.

वेशीपासून तिनं सुरुवात केली होती, त्यामुळं 'अ' गेला वेशीबाहेरच्या वस्तीतल्या सईच्या जात्यात. पाटलीणबाईंच्या वाट्याला 'प' आला. त्या फुगल्या. "पहिलं अक्षर वेशीबाहेर, आणि माझ्या वाड्याला मधलंच कुठलं तरी?"

ठकाई म्हणाली, "मी गावात वेशीतनं शिरते पाटलीणबाई. आभाळातनं शिरले असते तर तुमच्या गच्चीवरच पडले असते."

शेवटचा 'ज्ञ' राहिला तो नरहरबुवांच्या घरी. बुवा देवळात पोथी सांगायचे. ठकाई म्हणाली, सगळं ज्ञान त्यांच्याच घरी असतं म्हणतात, तर हे अक्षर तिथंच शोभेल. अक्षरं संपली तरी घरं उरलीच. त्यांना काने, मात्रे, वेलांट्या वाटल्या. दोन जावा सारख्या भांडायच्या त्या घराला तिनं विसर्ग दिला. एकीवर एक दोन टिंबं, कुणी कुणाला टेकायचं नाही.

मग हळूहळू एक नवल घडू लागलं. एका घरी एकच अक्षर, म्हणजे शब्द हवा असेल तर दुसऱ्याच्या दारी जायलाच हवं. बाया विरजण मागायला जायच्या तशा अक्षर मागायला जाऊ लागल्या. ओढ्यावर धुणं धुताना ओल्या बोटानं खडकावर काढून दाखवायच्या. "माझं हे असं, तुझं कसं?" ऊन लागलं की खडक वाळायचा आणि पुरावा उरायचा नाही. पाटलीणबाईसुद्धा एक दिवस पदर सावरत वेशीपर्यंत गेल्या आणि सईला लांबूनच म्हणाल्या, "तुझं ते अक्षर दाखव गं जरा. त्याच्यावाचून काही सुरूच होत नाही."

पुरुषांना पत्ता नव्हता. जात्याचा वरचा दगड उचलून पाहणारा पुरुष आमच्या गावात अजून जन्मायचा होता.

नरहरबुवांची सून वेणू. वयानं कोवळी, माहेरी आई नाही, बाप नाही, मामानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. तिच्या घरी 'ज्ञ', त्यामुळं पोरीची सुरुवातच शेवटाकडून झाली. पण पोर हुशार. उलटी चालत चालत ती 'अ' पर्यंत पोचली. दळताना जात्याभोवती पिठाची पाळ पडते, तिच्यात ती बोटानं अक्षरं काढायची आणि सासू येण्याआधी हातानं पुसायची.

त्या वर्षी भाद्रपदात वेणूचा नवरा दामू तापानं पडला. ताप उतरेना. दामू वाताच्या भरात बडबडू लागला. वेणू त्याला काडेचिराइताचा काढा पाजायची, पायथ्याशी बसायची आणि परत दळायला जायची. एका सकाळी दळता दळता तिचा डोळा लागला. पिठात काढलेलं पुसायचं राहून गेलं. सासू काशीकाकू पीठ भरायला आल्या आणि पाहतात तर जात्याभोवती पांढऱ्या पिठात गोल गोल अक्षरं, लग्नातल्या पंगतीसारखी बसलेली.

काकूंनी हंबरडा फोडला. बुवा धावत आले. जात्याचा वरचा दगड उचलला गेला, आणि बुवांना आपल्याच घरात, आपल्याच भाकरीच्या पोटात, अक्षर सापडलं.

दुपारच्या आत सगळा गाव देवळापुढं गोळा. घराघरातली जाती उघडली, घराघरात अक्षर. पुरुष एकमेकांकडं पाहू लागले, जणू प्रत्येकाला आपला ताप आत्ताच चढला होता.

बुवा पायरीवर उभे राहिले. बुवा वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. लेक मरणाच्या दारी होता आणि भ्यालेल्या माणसाला कारण लागतं. ते म्हणाले, "या पोरीनं अक्षराला हात लावला म्हणून माझा दामू झिजतोय. ती या घरात राहिली तर तो उठायचा नाही. गाडी जुंपा. तिला तिच्या मामाच्या वेशीवर सोडून या."

मामाच्या वेशीवर म्हणजे कुठं, ते सगळ्यांना माहीत होतं. मामा दार उघडणार नव्हता. आणि मागं दामूचं काही बरंवाईट झालं असतं तर नवरा खाल्लेली बाई म्हणून तिला पंचक्रोशीत कुणी पाणी घातलं नसतं. वेणू रडत नव्हती. हातावरचं पीठ तसंच होतं, ते ती पाहत होती.

बैल जुंपले, तेवढ्यात ठकाई आली. टाकी हातात होतीच.

"अक्षर मी कोरलं बुवा. पोरीला कशाला गाडीत घालता?"

"अक्षर म्हणजे सरस्वती. तिला तू जात्यात घालून भरडलीस! हा विटाळ आहे."

"मग तुम्ही आत्ता कशावर उभे हाय?" ठकाई म्हणाली. बुवांनी खाली पाहिलं. पायरीवर नाव कोरलेलं होतं, आणि नावावर बुवांची पावलं. "माझ्या बापानं कोरलंय ते. पायाखाली चालतं, हाताखाली चालत न्हाई?"

लोक हसले. बुवाही कच्चे नव्हते. म्हणाले, "पायरीवरची अक्षरं देवाला वाहिलेली आहेत. तुझी जात्यातली कुणाला वाहिलीस?"

"भुकेला. तोबी देवच हाय बुवा. फक्त तो न बोलवता येतो, आणि रोज येतो."

लोक पुन्हा हसले. बुवांचा आवाज चढला. "बाईनं अक्षर धरलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. वाडवडील सांगून गेलेत."

"बरं. मूल जन्मलं की पाचवीला टेकावरच्या सटवाईची पूजा करता. तिच्यापुढं कोरा कागद आणि बोरू ठेवता. कशाला?"

"ती येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून."

"कोण लिहिते?"

"सटवाई."

"ती बाई हाय का बाप्या?"

आता बायासुद्धा पदराआड हसल्या. ठकाई म्हणाली, "म्हंजी सगळ्या गावाच्या कपाळावर बाईचंच अक्षर हाय. आणि ती इतकं लिहिते, तर तिचा नवरा किती वेळा मेला?"

बुवा हसले नाहीत. हळू म्हणाले, "ती देवी आहे. तू टाकारीण आहेस. आणि माझा मुलगा घरात तापानं फणफणतोय."

गाडीवान कासरा धरून बसलाच होता. हसण्यानं कुणाची गाडी थांबत नाही, हे ठकाईला तेव्हा कळलं. तिनं टाकी पायरीवर ठेवली.

"मग दिव्य करते," ती म्हणाली.

दिव्य म्हणजे खऱ्याखोट्याची परीक्षा, देवासमोर, जीव पणाला लावून. कुणी तापल्या तेलात हात घालायचा, कुणी तापलं लोखंड धरायचा. ठकाई म्हणाली, "गावातल्या प्रत्येक घरातनं मूठमूठ पीठ आणा. सगळ्या अक्षरांची मी एक भाकरी करते आणि सगळ्यांसमोर खाते. एका अक्षरानं नवऱ्याचं एक वर्स जात असंल तर सगळी बाराखडी पोटात गेल्यावर माझा नवरा दिवस मावळायच्या आत मराया पायजे. मेला तर मला गाडीत घाला आणि जिथं न्यायची तिथं न्या. जगला तर ही पोर तिच्या घरी जाईल, आणि दगडातलं अक्षर दगडात राहील."

बुवांनी दामू होता त्या घराकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मान्य."

मग ठकाई धोंडिबाकडं वळली. तो गर्दीच्या कडेला लिंबाखाली बसून खोकत होता. "कारभारी, तुमचा जीव पणाला लावलाय. चालंल का?"

धोंडिबा म्हणाला, "आधी लावतीस आणि मागनं इचारतीस. हे आपलं नेहमीचंच." त्यानं विडी विझवून कानावर ठेवली. "इतकी वर्सं तुझ्या तोंडानं मेलो न्हाई, अक्षरानं काय मरतो? कर भाकरी."

पीठ आणायला कुणी पुढं होईना. पहिल्या निघाल्या त्या पाटलीणबाई. सुपात पीठ घेऊन आल्या आणि परातीत ओतलं. मग वेशीबाहेरून सई आली, ती लांबच उभी राहिली. कुजबूज झाली, पाटलाचं पीठ आणि सईचं पीठ एका परातीत? ठकाईनं स्वतः जाऊन सईच्या ओंजळीतलं पीठ आणलं. "पोटात गेल्यावर वेगळं करून दाखवा, मग बोला." मग मात्र बायांची रांग लागली. शेवटी एकच घर राहिलं. 'ज्ञ'. सगळे काशीकाकूंकडं पाहू लागले. काकूंचा लेक घरात अंथरुणावर, सून गाडीत. त्या उठल्या, घरात गेल्या आणि पदराखाली मूठ झाकून आल्या. बुवांकडं न पाहता म्हणाल्या, "काय ते एकदाचं कळू दे."

तीन दगडांची चूल पेटली. ठकाई भाकरी थापू लागली. तिनं लिंबाखाली एकदा पाहिलं. धोंडिबाच्या छातीचा भाता तिला ठाऊक होता, तो कधीही बंद पडला असता. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली. असं म्हणतात, ती भाकरी तव्यावर अशी फुगली की तिच्या पापुद्र्यावर सगळी अक्षरं उमटली, आणि ज्या बायांना वाचता येत होतं त्यांनी आपापलं घर त्यात ओळखलं. ठकाईनं ती खाल्ली. सगळी. एक कण सांडला नाही. वर पाणी प्यायली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलं."

आता गाव धोंडिबाकडं पाहत बसला. बाई अक्षर खाते आणि मरायचं नवऱ्यानं, असं दिव्य त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. धोंडिबा खोकला की गर्दी हलायची. त्याला शिंक आली तेव्हा तिघीजणी किंचाळल्या. "आरं, मला जगू द्या की निवांत," म्हणून त्यानं पाठ फिरवली, उपरणं तोंडावर घेतलं आणि लिंबाखाली आडवा झाला.

ऊन कललं. सावल्या लांबल्या. धोंडिबा हलेना. खोकेनासा झाला. सूर्य डोंगराला टेकला तरी उपरण्याखालून आवाज नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, "गेला." गाडीवानानं बैलांच्या पाठीवर हात टाकला. वेणूनं डोळे मिटले. बुवांच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता, त्यांचे ओठ नुसते हलत होते.

ठकाई उठली. गर्दी दुभंगली. ती धोंडिबाजवळ गेली, गुडघे टेकून बसली आणि जात्याला लावायची तसा तिनं त्याच्या छातीला कान लावला.

तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, ते तिचं पहिलं आणि शेवटचं. म्हणाली, "घरघर चालू हाय."

आणि त्याच क्षणी, असं म्हणतात, गावातली सगळी जाती फिरू लागली. एक दामू सोडला तर सगळी माणसं देवळापुढं होती. घरं ओस होती. कुठल्याच खुंट्यावर कुणाचा हात नव्हता. वेशीबाहेर सईचं जातं घुमलं, मग पाटलाचं, मग गल्लीगल्लीतनं घरघर उठली आणि देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आली. बुवांच्या तळपायाला दगड कोमट लागला. ते पायरीवरून उतरले आणि नावाला पाय न लावता बाजूला मातीत उभे राहिले. धोंडिबा आवाजानं उठून बसला आणि कानावरची विडी शोधू लागला.

देवळालगतच्या बुवांच्या घरातनं हाक आली. दामू भाकरी मागत होता.

ताप उतरला तो ठकाईच्या दिव्यानं की वेणूच्या काढ्यानं, मला विचारू नका. वेणू गाडीतनं उतरली आणि आधी चुलीकडं गेली, एवढं खरं. बुवांनी तिला थांबवलं नाही. तोंडानं त्यांनी चूक कधीच कबूल केली नाही. पण पुढं म्हातारपणी त्यांच्या डोळ्यांत सारा वाढून दिसेनासं झालं तेव्हा देवळातल्या खांबाआड बसून वेणू पोथी वाचायची आणि बुवा पुढं बसून नुसते ओठ हलवायचे. सगळा गाव ऐकायचा, आणि आवाज कोवळा कसा झाला हे कुणी विचारायचं नाही.

आणि धोंडिबा? धोंडिबा मेलाच नाही. म्हणजे इतका जगला की लोक कंटाळले. त्याच्यादेखत जन्मलेली पोरं काठी टेकत गेली, धोंडिबा आहेच, लिंबाखाली, खोकतोय. कुणी विचारलं, आजोबा, गुपित काय? तर म्हणायचा, "बायकू शिकलेली हाय." हे ऐकल्यापासून आमच्या गावातले नवरेच बायकांच्या मागं लागले. "बस की गं जरा पाटीवर. मला जगायचंय." भीतीनं जे दार लावलं होतं ते भीतीनंच उघडलं. मला विचाराल तर दार उघडल्याशी मतलब.

ठकाई त्याच्याआधी गेली. अक्षर जाणणारी गावातली पहिली बाई, आणि हिरव्या चुड्यानं गेली, मळवट भरून, अहेव. म्हाताऱ्या बाया तिच्या पायावर डोकं ठेवताना रडत होत्या आणि हसतही होत्या. असं म्हणतात, सटवाईनंच तिला बोलवून घेतलं. लिहून लिहून देवीचा हात दुखायला लागला होता. आता सटवाई पुढं जाते, बाळाच्या कपाळावर लिहिते, आणि मागून ठकाई येते टाकी घेऊन. जिथं नशीब फारच बोथट लिहिलं गेलंय तिथं दोन ठोके घालते. धोंडिबा एका सकाळी टेकावर सटवाईच्या शेंदरी दगडाला टेकून बसलेला सापडला. असं म्हणतात, ठकाई येऊन त्याच्या छातीला कान लावून बसली होती. आणि म्हणाली, "घरघर थांबली. चला कारभारी."

जाती आता अंगणात पडली आहेत, कुणी तुळशीखाली लावलीत, कुणी पायरीला. दगड झिजला, अक्षर झिजलं नाही, येऊन बोट फिरवून पाहा. दर भाद्रपदात घराघरातनं मूठमूठ पीठ अजून गोळा होतं, वेशीपासून सुरुवात करून. त्याची एकच भाकरी देवळापुढं होते आणि सगळा गाव तिचा तुकडा मोडतो. मीठ मुद्दाम कमी घालतात.

आणि पाचवीला आम्ही सटवाईपुढं कागद आणि लेखणी ठेवतो तशी शेजारी एक टाकी ठेवतो. लेक जन्मली असेल तर कागद कोरा ठेवत नाही. दुसऱ्या गावच्या बाया पाहून घाबरतात, म्हणतात, देवीचा कागद आहे हो. असू दे. बाळंतीण उठून बसते, लेखणी घेते आणि आधी आपल्या हातानं लेकीचं नाव लिहिते. उरलेल्या जागेत देवीनं काय लिहायचं ते लिहावं.